जिभेचा वारसा आणि वजनाचा काटा

विशेष प्रतिनिधी

एकाच घरातील दोन ताटांत मुळ्याची कोशिंबीर वाढलेली असते. थोरला मुलगा ती मिटक्या मारीत संपवतो; धाकटी मात्र पहिल्याच घासाला तोंड वाकडे करून ताट सरकवते. घरातील वडीलधारी मंडळी या प्रकाराला ‘नखरे’ असे नाव देऊन मोकळी होतात. हे केवळ नखरे नसावेत, दोघांच्या जिभाच जन्मतः वेगळ्या असाव्यात, असे आनुवंशशास्त्र गेली नव्वदहून अधिक वर्षे सांगत आले आहे. अलीकडे मात्र या शास्त्रीय निष्कर्षाच्या पुढे आणखी एक पायरी जोडली जाऊ लागली आहे. ज्याची जीभ आई-वडिलांकडून आलेली, त्याचे वजनही त्या जिभेनेच ठरवलेले, असा हा दावा आहे. तो ऐकायला पटण्याजोगा असला तरी खरा कितपत आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

वेळ आली आहे असे म्हणण्यास कारणही आहे. वजन हा विषय आता घराचा उंबरठा ओलांडून सार्वजनिक धोरणाचा झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के महिला आणि १८.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे दाखवून दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मन की बात’मधून खाद्यतेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेविषयीचे माहितीफलक लावण्याची सूचना दिली. मार्च आणि जून २०२५ मध्ये वजन घटविणारी टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही बहुचर्चित इंजेक्शने भारतीय बाजारात दाखल झाली.

या गदारोळात ‘तुमच्या जनुकांनुसार तुमचा आहार’ असे सांगत लाळेच्या चाचण्या विकणाऱ्यांनाही बाजारपेठ मिळाली नसती तरच नवल. कडू चवीची संवेदनशीलता हा या चाचण्यांच्या अहवालांत नेहमी आढळणारा एक रकाना आहे. त्या रकान्यामागे नेमके विज्ञान कोणते, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येणार नाही.

धुळीतून लागलेला शोध

या कथेची सुरुवात झाली ती एका अपघाताने. अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ १९३१ च्या सुमारास फेनिलथायोकार्बामाइड, म्हणजे पीटीसी, हा पदार्थ बाटलीत भरत होते. त्याची थोडी पूड हवेत उडाली. शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याने ‘काय कडू आहे हे’ अशी तक्रार केली. फॉक्स यांना मात्र काहीच चव जाणवली नाही. दोघांनी आळीपाळीने ती पूड जिभेवर ठेवून पाहिली, तरी मतभेद कायमच राहिला. पुढे अनेकांची परीक्षा घेतली तेव्हा माणसांचे सरळ दोन गट पडले. काहींना पीटीसी असह्य कडू लागते, तर काहींना ते बेचव वाटते.

ही ‘चवीची अंधता’ कुटुंबांतून चालत येते, हे अल्बर्ट ब्लेकस्ली आणि लॉरेन्स स्नायडर यांनी लगोलग दाखवून दिले. डीएनए चाचणी अवतरण्यापूर्वीच्या काळात पितृत्वाच्या वादातही पीटीसीच्या कागदी पट्टीचा आधार घेतला जात असे. १९३९ मध्ये एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात रोनाल्ड फिशर, ई. बी. फोर्ड आणि ज्युलियन हक्स्ली या तीन नामवंतांनी चक्क चिंपांझींना पीटीसी पाजून पाहिले आणि त्यांच्यातही असेच दोन तट आढळले. भारतात मानववंशशास्त्रज्ञांनी विविध जाती-जमातींमध्ये ही चाचणी मोठ्या प्रमाणावर वापरली. पीटीसीची चव न कळणाऱ्यांचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत सुमारे तीन टक्के, तर भारतातील काही जनसमूहांत ४० टक्क्यांपर्यंत असल्याचे या अभ्यासांतून पुढे आले. म्हणजे हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा नाही. आपल्या पंगतीतही हे दोन्ही प्रकारचे लोक मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

पुढे पीटीसीची जागा प्रोपिलथायोयुरासिल, संक्षेपाने ‘प्रॉप’, या औषधाने घेतली. थायरॉइडची अतिसक्रियता कमी करण्यासाठी डॉक्टर देतात तेच हे औषध. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी लिंडा बार्टोशुक यांनी प्रॉपची चव अत्यंत तीव्रतेने जाणवणाऱ्यांसाठी ‘सुपरटेस्टर’ म्हणजे ‘अतिचवज्ञ’ असा शब्द रूढ केला. ढोबळमानाने अमेरिकी गौरवर्णीयांपैकी एक चतुर्थांश लोक चव न कळणारे, निम्मे मध्यम आणि उरलेले चतुर्थांश अतिचवज्ञ, अशी विभागणी त्यातून पुढे आली.

एक जनुक, दोन घराणी

या वारशाचा नेमका पत्ता लागला तो २००३ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेनिस ड्रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातव्या गुणसूत्रावरील टीएएस२आर३८ हे जनुक शोधून काढले. जिभेवरील रुचिकलिकांमध्ये कडू पदार्थ ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राही प्रथिने, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यांपैकी एक या जनुकाच्या आज्ञेवरून तयार होते. त्या प्रथिनातील अवघ्या तीन ठिकाणची अमिनो आम्ले बदलली की रिसेप्टरचा स्वभाव बदलतो. एका घराण्याला ‘पीएव्ही’ म्हणतात, त्याला कडूपणा जाणवतो. दुसरे ‘एव्हीआय’, त्याला तो जवळपास जाणवतच नाही. पीटीसी चाखण्याच्या क्षमतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील ५५ ते ८५ टक्के भाग या एकाच जनुकाने स्पष्ट होतो, असे त्या संशोधनात आढळले. माणसाच्या गुणधर्मांपैकी फार थोड्यांचे आनुवंशिक गणित इतके सुटसुटीत असते.

हा रिसेप्टर ज्या प्रकारच्या रासायनिक रचनेला दाद देतो, तिच्याशी मिळतीजुळती संयुगे कोबी, ब्रोकोली, मुळा, मोहरी यांच्या कुळात आढळतात. म्हणूनच सुरुवातीच्या उदाहरणातील धाकटीची तक्रार खरी असू शकते. मात्र कारल्याचा कडूपणा वेगळ्या संयुगांमुळे येतो आणि तो ओळखण्याचे काम इतर रिसेप्टर करतात. त्यामुळे पीटीसीची पट्टी बेचव लागणाऱ्या माणसालाही कारले कडूजहर लागू शकते. ‘कडू’ हा शब्द मराठीत एकच असला तरी जिभेच्या दफ्तरात त्याची अनेक खाती आहेत. एका खात्यावरून सगळ्या जिभेची पत ठरवता येत नाही, ही बाब पुढील साऱ्या चर्चेत ध्यानात ठेवावी लागेल.

अतिचवज्ञ ठरण्याचे गणितही या एका जनुकात मावत नाही. जिभेवरील गुलाबी उंचवट्यांची संख्या जितकी अधिक तितकी चव तीव्र, असे अनेक वर्षे मानले जाई. जिभेला निळा रंग लावून ते उंचवटे मोजण्याचा घरगुती प्रयोग त्यातूनच लोकप्रिय झाला. परंतु डेन्व्हरच्या निसर्ग-विज्ञान संग्रहालयात सामान्य प्रेक्षकांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या समजाला आधार मिळाला नाही.

जिभेकडून कमरेकडे

वजनाशी या साऱ्याचा संबंध जोडणारा तर्क सरळ आहे. प्रॉपची चव न कळणाऱ्यांना इतर चवींची आणि स्निग्ध पदार्थांच्या मऊपणाचीही जाणीव तुलनेने बोथट असते. म्हणून समाधान मिळवण्यासाठी ते अधिक तेलकट, अधिक गोड खातात आणि वजन वाढते. अमेरिकेच्या रट्गर्स विद्यापीठातील बेव्हर्ली टेपर यांनी या तर्काचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. २००५ मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन महिलांपैकी प्रॉपची चव न कळणाऱ्यांमध्ये मेदाचे प्रमाण अधिक आढळले. पुढे इटलीतील काल्यारी विद्यापीठाच्या संशोधकांसमवेत त्यांनी भुकेशी निगडित असलेल्या एंडोकॅनाबिनॉइड या शरीरांतर्गत द्रव्यांशीही प्रॉप-संवेदनेचे नाते तपासले.

दुसऱ्या बाजूचे पारडेही हलके नाही. अॅडम ड्रेवनोव्स्की यांच्या गटाने २००७ मध्ये महिलांवरील अभ्यासात नेमका उलट निष्कर्ष काढला. प्रॉप-संवेदनेचा आहाराच्या धाटणीशी, शरीरभारांकाशी किंवा रक्तातील मेदाशी कोणताही संबंध त्यांना आढळला नाही. टेपर यांनी स्वतःच नोंदवलेली एक बाब या विसंगतीवर प्रकाश टाकते. ज्या महिला आपल्या खाण्यावर जाणीवपूर्वक लगाम ठेवतात, त्यांच्यात जिभेचा आणि वजनाचा संबंध झाकला जातो. म्हणजे संबंध असलाच तरी तो इतका नाजूक आहे, की माणसाच्या निर्धाराने, सवयीने वा परिस्थितीने तो पुसला जातो.

शिवाय तर्काला दुसरी बाजूही आहे. कडूपणा तीव्रतेने जाणवणाऱ्यांनी तेलकट कमी खाल्ले, असे घटकाभर मानले तरी ते भाज्याही कमी खातात, त्याचे काय? केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या १७५ जणांच्या पाहणीत कडू चवीचे जनुकरूप असणारे लोक भाज्या कमी खाणाऱ्या गटात असण्याची शक्यता अडीच पटींहून अधिक दिसली. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुलांची व त्यांच्या मातांची चाचणी घेतली. कडूपणा जाणवणाऱ्या जनुकरूपाची मुले अधिक गोड पदार्थांकडे झुकत होती. मातांमध्ये मात्र हा जनुकीय प्रभाव विरला होता. त्यांची गोडाची आवड त्या कोणत्या समाजात वाढल्या यावर अधिक अवलंबून होती. जनुकाचा आवाज बालपणी मोठा असतो आणि वय वाढेल तसा संस्कृतीचा आवाज त्याच्यावर मात करतो, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मधील चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणाने तर साध्या तर्काची आणखी पंचाईत केली. ज्यांना जनुकांमुळे कॅफिनचा कडूपणा अधिक जाणवतो, ते लोक कॉफी कमी नव्हे तर जास्त पितात! कडू म्हणजे नकोसे, हे समीकरण माणसाच्या बाबतीत नेहमी टिकत नाही. त्या कडूपणामागून तरतरी येते हे एकदा शरीराने शिकले, की तोच कडूपणा आवडीचा होतो.

बाण उलट दिशेनेही

जीभ वजन घडवते की वजन जीभ घडवते, हा प्रश्नही आता ऐरणीवर आला आहे. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबिन डॅन्डो यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांना आठ आठवडे अतिस्निग्ध आहार दिला. ते उंदीर स्थूल झाले आणि त्यांच्या जिभेवरील रुचिकलिका सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. स्थूलतेबरोबर शरीरात जो मंद दाह सुरू होतो, तो रुचिकलिकांच्या नूतनीकरणाच्या मुळावर येतो, असे कारण त्यांनी दाखवले. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही स्थूल व्यक्तीची चव बोथट आढळली म्हणजे ती जन्मतःच तशी होती, असे गृहीत धरणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

वजनाची आनुवंशिकता खरीच आहे. पण ती बहुतांशी दुसरीकडे राहते. २००७ मध्ये सापडलेले एफटीओ हे जनुक याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या जोखमीच्या दोन्ही प्रती लाभलेल्या युरोपीय व्यक्तींचे वजन इतरांपेक्षा सरासरी तीन किलोने अधिक आढळले. २०१५ मध्ये सुमारे ३ लाख ३९ हजार लोकांच्या जनुकीय माहितीतून शरीरभारांकाशी निगडित ९७ ठिकाणे समोर आली. त्यातून मध्यवर्ती मज्जासंस्थेचा, म्हणजे भूक आणि तृप्ती यांचा हिशेब ठेवणाऱ्या मेंदूचा, वाटा प्रामुख्याने अधोरेखित झाला. वजनाचा वारसा शोधायचाच तर तो जिभेच्या टोकापेक्षा मेंदूच्या तळाशी अधिक सापडतो.

पोटातली जीभ

मग चवीच्या जनुकांचा आणि चयापचयाचा संबंधच नाही काय? आहे, पण तो अनपेक्षित जागी आहे. जिभेवर असणारे चवीचे रिसेप्टर आतड्यातही असतात. २००७ मध्ये रॉबर्ट मार्गोल्स्की यांच्या गटाने दाखवले, की आतड्यातील गोड चव ओळखणारी यंत्रणा साखरेची चाहूल लागताच जीएलपी-१ या संप्रेरकाच्या स्रावास हातभार लावते. हे संप्रेरक इन्शुलिनचा स्राव वाढवते, पोट रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप पोचवते. सध्या गाजत असलेली सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात. २००८ मध्ये अमेरिकेतील आमिश समाजावरील अभ्यासात टीएएस२आर९ या कडू चवीच्या दुसऱ्या एका जनुकाचा रक्तशर्करा व इन्शुलिन यांच्या नियमनाशी संबंध आढळला. नाक आणि श्वासमार्गातही टीएएस२आर३८ कार्यरत असून काही जीवाणूंची चाहूल घेते, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले.

थोडक्यात, आपण ज्याला ‘चव’ म्हणतो ती शरीरभर पसरलेल्या पहारेकऱ्यांची फक्त दर्शनी चौकी आहे. आतील चौक्यांचा कारभार आपल्याला जाणवत नाही. त्यांचे संकेत ‘आवडले-नावडले’ या भाषेत येत नाहीत. त्यामुळे कागदी पट्टी कडू लागली की नाही, यावरून त्या आतल्या कारभाराचे अनुमान काढणे म्हणजे दारावरच्या पाटीवरून घरातील मिळकत मोजण्यासारखे आहे.

पुण्याचा धडा

या चर्चेत मोजपट्टीचाही प्रश्न येतो. जिभेचा संबंध ज्या शरीरभारांकाशी जोडला जातो, तोच आपल्या बाबतीत पुरेसा विश्वसनीय नाही, हे जगाला पुण्याने दाखवून दिले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही शरीरभारांक २२.३, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! पुण्यानजीकच्या गावांतील नवजात बालकांवरील त्यांच्या अभ्यासात बाळे वजनाने लहान असली तरी त्यांच्यातील मेद त्या मानाने टिकून असल्याचे आढळले. याज्ञिक यांच्याच गटाने २००९ मध्ये एफटीओ जनुकाचा भारतीयांमधील मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वाढलेल्या वजनाने पूर्णपणे उलगडत नसल्याचेही दाखवले.

या निष्कर्षांचा अर्थ गंभीर आहे. प्रॉप आणि वजन यांविषयीचे बहुचर्चित अभ्यास प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातील लोकांवर झालेले आहेत. आपल्याकडे काटा योग्य वजन दाखवत असतानाही रक्तातील साखर हाताबाहेर गेलेली असू शकते. अशा देशात परक्या लोकसमूहांतील, परक्या ताटांवरून काढलेले आडाखे लाळेच्या अहवालात छापून विकणे कितपत उचित आहे, याचा विचार ग्राहकाने करायलाच हवा.

विकत मिळणारे भविष्य

जनुक पाहून आहार ठरवला तर वजन अधिक घटते का, याची मोठी परीक्षा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी घेतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६०९ प्रौढांना वर्षभर कमी स्निग्ध अथवा कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने, तर दुसऱ्याचे ६ किलोने घटले. हा फरक लक्षणीय नव्हता. ज्यांच्या जनुकांना जो आहार ‘मानवेल’ असे भाकीत होते, त्यांना तोच मिळाल्याने काही विशेष लाभ झाला नाही. ही जनुके चवीची नव्हती, मेद व कर्बोदकांच्या चयापचयाशी निगडित होती, हे खरे. पण थेट चयापचयाशी नाते सांगणारी जनुके जिथे आहाराचे भविष्य सांगू शकली नाहीत, तिथे जिभेच्या जनुकावर किती भार टाकायचा? या व्यवसायातील सर्वांत प्रसिद्ध नाव असलेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा लक्षावधी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय, हा नवाच प्रश्न उभा राहिला. जीभ कडू की बोथट हे जाणून घेण्याची ही किंमत जरा जास्तच म्हणावी लागेल.

याचा अर्थ चवीचे आनुवंशशास्त्र निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याचा खरा उपयोग दोष देण्याची घाई थांबवण्यासाठी आहे. भाजी नाकारणाऱ्या मुलाला धपाटा घालण्यापूर्वी त्याच्या तोंडात जे घडते ते आपल्या तोंडात घडत नसेल, एवढा संशयाचा फायदा आपण त्याला देऊ शकतो. आवड शिकवता येते, याचे पुरावे भक्कम आहेत. गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस पिणाऱ्या मातांच्या बाळांनी गाजराची चव अधिक सहजतेने स्वीकारल्याचे मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवले होते. नावडती भाजी सक्ती न करता आठ-दहा वेळा थोडी-थोडी पुढे ठेवली, तर अनेक मुले ती स्वीकारतात. मीठ कडूपणा दाबते, हे १९९७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. कारल्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवणाऱ्या आणि भाजीत गूळ-चिंच घालणाऱ्या आपल्या आज्यांनी त्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहिली नव्हती.

दोष देण्याची दुसरी घाई स्थूल माणसाच्या बाबतीत होते. ‘जिभेवर ताबा नाही’ हा आपल्याकडील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत क्रूर शेरा होय. विज्ञानाने आता तो खोडून काढला आहे. पण त्याच्या जागी ‘जिभेचे जनुकच तसे’ हा नवा शेरा बसवणे म्हणजे एका चुकीच्या जागी दुसरी चूक ठेवणे आहे. पीएव्ही आणि एव्हीआय ही दोन्ही घराणी माणसात हजारो वर्षे नांदत आहेत. देशातील अतिवजनी लोकांची टक्केवारी मात्र पाच वर्षांत तीन-चार अंकांनी वाढली आहे. इतक्या अल्पावधीत जनुके बदलत नाहीत. बदलले आहे ते ताट, त्या ताटापर्यंत पोचणारा बाजार आणि दिवसभर बसून राहण्याची रीत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पाकिटाच्या दर्शनी भागावर तारांकित मानांकन छापण्याचा मसुदा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला होता. साखर, मीठ आणि मेद यांची माहिती ग्राहकाला ठळकपणे कशी द्यावी, या वादाचे महत्त्व लाळेच्या कोणत्याही चाचणीपेक्षा कितीतरी अधिक आहे.

जीभ वारशाने मिळते. तिच्यापुढे काय वाढले जाते, ते समाज ठरवतो. वजनाच्या काट्याला जाब विचारायचाच असेल तर तो आधी दुसऱ्याला विचारावा लागेल.